दीपमाला रांगेत उभी आहे

“हॅलो?... कोण, रणधीर?... आरं, तुझं तोंड कशाला आलं ह्या डबड्यात? ते व्हिडिओचं बंद कर आधी... न्हाय, मला न्हाय बघायचं. कपाळावरली शीर दिसायलीय तुझी हितून... बंद कर म्हणलं ना? हां. आता बोल. लावला कानाला.”

कडूबाई अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होती. सोनारीत दिवस मावळायला आला होता. भैरोबाच्या देवळात आरतीची तयारी चालली होती, आणि दिवसभर यात्रेकरूंच्या पिशव्या हिसकून दमलेली वानरं एकेक करून चिंचेवर परतत होती. या वेळेला अमेरिकेतून फोन येत नसे. तिकडं तेव्हा सकाळ असते, आणि सकाळी नातवाला आजीची आठवण होत नाही, हे कडूबाईला माहीत होतं.

“हळू बोल, एकेक सांग... आई गेली? कुठं गेली?... हां... हां... मग सापडली की! तूच म्हणायलास, घंटेच्या रांगेत उभी हाय, माझ्या म्होरंच हाय. मग हरवली कशी ती?... न सांगता गेली. बरं. जाई झोपली हुती ना? मग झोपलेल्या लेकुरवाळीला उठवून सांगायचं व्हय?... फोन न्हाय उचलला? रस्ता बघावा का फोन बघावा तिनं?”

रणधीर फिलाडेल्फियाला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. फेब्रुवारीत त्याच्या बायकोचं, जाईचं बाळंतपण आलं, तेव्हा त्यानं आपल्या आईला, दीपमालाला, बोलावून घेतलं. दीपमाला म्हणजे कडूबाईची सून, सासूला ती आत्या म्हणायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सोनारीतलं घर, रान, दोन म्हशी, सगळं या सासूसुनांनीच ओढलं होतं. सून गेल्यापासून कडूबाई एकटीच होती. परवा दीपमालाचं परतीचं विमान होतं, आणि आज तिकडं बाळाचं उष्टावण होतं.

“आरं पर मला एक सांग. ती कुठं गेली हे तुला कसं कळलं?... कुणी सांगितलं न्हाय? मग?... सरळ तिथंच गेलास गाडी घिऊन?... म्हंजे तुला ठाव हुतं, तिला काय बघायचं हुतं ते. सहा म्हैने ठाव हुतं.”

मागं कुठंतरी गाड्यांचे हॉर्न आणि माणसांची कुजबुज ऐकू येत होती.

“हॅलो? हायस का?... व्हय, मलाबी ठाव हाय. पयल्या बशीनं गेली... ठाव हाय म्हंजे ठाव हाय! म्याच सांगितलं तिला, जा म्हणून.”

आता मात्र रणधीरचा आवाज एवढा चढला की कडूबाईनं फोन कानापासून लांब धरला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग पुन्हा कानाला लावला.

“झालं?... ओरडू नको. माझं कान चांगलं हायेत, गुडघं तेवढं गेल्यात... ऐक. काल फोन आला हुता तिचा. रडत न्हवती. रडली असती तर म्या समजूत घातली असती. नुसतं म्हणली, आत्या, तीन दिसांनी निघायचं, आन गावात कुणी इचारलं, काय बघून आलीस, तर काय सांगू? तूच सांग की आता. काय बघितलं तिनं?... मॉल. हां... किराण्याचं दुकान... दवाखाना, बरोबर. दवाखाना लई मोठा हुता म्हणली... देऊळ? आरं, देऊळ बघायला ती सातासमुद्रापार कशाला येईल? भैरोबाच्या दारात नांदती ती!”

दीपमालानं तिकडं गेल्यापासून रोज फोन केला होता, आणि त्या फोनांमधूनच कडूबाईला ते शहर ओळखीचं झालं होतं. घराच्या खिडकीतून लांबवर एक उंच मनोरा दिसतो आणि त्याच्या टोकावर एक टोपीवाला माणूस उभा आहे. फ्रिजवर एका घंटेचं चित्र चिकटवलंय, तिला उभा तडा गेलाय. जाईनं सांगितलं होतं, की ती त्या देशाच्या स्वातंत्र्याची घंटा. पुढं गुलामांना सोडवायला जी माणसं भांडली, त्यांनी तिला ते नाव दिलं. फ्रिज उघडताना दीपमाला ते चित्र रोज बघायची. एकदा घेऊन चल, असं ती रणधीरला फेब्रुवारीतच म्हणाली होती.

“तवा थंडी म्हणालास. बरं, थंडी. मग बाळाची लस. मग जाईचं हापिस सुरू झालं. मग तुझा कोण साहेब यायला लागला... म्या कुठं म्हणते खोटं हाय? समदं खरं हाय. खरंच असतंय समदं. खऱ्याच कारणानं अडकतंय माणूस... उद्या? उद्या ब्यागा भरायच्यात म्हणून तूच सांगितलंस मला... न्हाय रे बाबा, तुझ्या ह्या उद्यावर आता माझा इस्वास न्हाय.”

एक वानर चिंचेवरून पत्र्यावर उतरलं. धाडधाड आवाज झाला.

“हाड! हाड!... तुला न्हाय, वानर हाय. बोल... पाव्हणं यायलेत बारा वाजता. मग यिऊ दी की. उष्टावण बाळाचं हाय, पाव्हण्यांचं न्हाय. बाळाला एक घास खीर लागती... पुरण तिनं रातीच वाटून ठिवलंय. मला सांगितलंय तिनं. कणीक भिजवायची तेवढी... मग तू लाट पोळ्या... येत न्हाईत म्हंजे? पीठ हाय, पुरण हाय, लाटणं हाय... न्हाय फुगल्या तर न्हाय फुगू दे! पोळी फुगली न्हाय म्हणून पाव्हणं काय दारातनं उलटं जात्यात व्हय?”

ती म्हणत होती ते पलीकडं पोचत नव्हतं. रणधीर आता समजावणीच्या सुरात आला होता. लहानपणी काही मोडून आला की असाच बोलायचा तो, गोड, एकेक शब्द वेगळा करून. कडूबाईला त्याचा हा आवाज ओरडण्यापेक्षा जास्त नकोसा वाटायचा.

“लोक बघायलेत? बघू दे. तीबी बघायलीय की लोकांकडं... काय नेसलीय?... इरकल? निळी?... आगं बाई! ती उष्टावणाला नेसायची म्हणून न्हेली हुती तिनं. आन त्यावर बूट? मग चालायला बरं. तिथं काय चपलांनी चालावं व्हय दिवसभर?... तमाशा कसला? रांगेत गप उभं राहिलेल्या बाईनं तमाशा केला, आन तू भर रस्त्यात सोनारीला फोन लावून ओरडायलास, त्याला काय म्हणायचं?”

मग रणधीर काहीतरी बोलला. हळूच बोलला, बहुतेक तोंडातल्या तोंडात.

“काय म्हणालास?... पुन्हा म्हण... न्हाय, म्हण की... म्या कधी गावाभाईर गेले न्हाय, म्हणून मला कळत न्हाय. आसंच ना?”

कडूबाईनं शेंगांचं सूप मांडीवरून खाली ठेवलं. पत्र्यावरचं वानर तेवढ्याचीच वाट बघत होतं. ते सरळ अंगणात उतरलं, सुपापाशी बसलं आणि मूठ भरून शेंगा तोंडात कोंबू लागलं. काठी हाताशी होती. कडूबाईनं उचलली नाही.

“खरंय तुझं. न्हाय गेले म्या. परंड्याच्या बाजाराला किती येळा गेले त्याची गणती न्हाय. यष्टीतनं किल्ला दिसतोय. भिंत दिसती, खंदक दिसतोय, दरवाजाबी दिसतोय. तुझा आजा सांगायचा, आत लई मोठ्या तोफा हायेत, पंचधातूच्या, एकीवर सिंव्ह काढलेत. त्यांनी बघितल्या हुत्या. तूबी साळंच्या सहलीत जाऊन आलास. म्या म्हणायची, आज बाजार लौकर उरकला, चला की आत जाऊन यिऊ. तर म्हणायचे, आता म्हशीची येळ झाली, फुडल्या बाजारी बघू... फुडल्या बाजारी! ती म्हैस गेली, तिच्या पोटची म्हैस गेली, तुझा आजा गेला. किल्ला हाय तिथंच हाय, आन म्या अजून भाईरच हाय... आता कुणी न्हेलं तरी हे गुडघं पायऱ्या चढायचे न्हाईत... मला कळतंय ते ह्यामुळंच कळतंय, बाळा. तुला कसं कळावं, तू तर पार अमेरिकेला गेलास.”

मग रणधीरनं शेवटचा उपाय काढला. तो काय असणार, हे कडूबाईला फोन आला तेव्हाच कळलं होतं. घरात दीपमालाला कुणाचं ऐकायला लावायचं झालं, की सगळे कडूबाईकडंच यायचे. सून सासूचा शब्द मोडत नाही, हे पोराला पाळण्यापासून माहीत होतं.

“म्या सांगू तिला?... सांगते की. दे तिच्याकडं... आन ते मोठ्यानं ऐकू येतंय ना, स्पीकर, ते कर. तुलाबी ऐकू दे.”

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली.

“दीपमाला?... हां, म्याच... रडायलीस?... मग आवाज आसा का?... हाताला धरून वढलं? समद्यांच्या म्होरं?... रणधीर, ऐकायलास ना? आईच्या हाताला तसं धरायचं न्हाय. तुझ्या बापानं धरला न्हाय कधी तसा हात... दीपमाला, तू ऐक. रांग सोडायची न्हाय.”

पलीकडं मायलेक एकदमच बोलायला लागले.

“न्हाय सोडायची म्हणलं! पाव्हणं आलं तरी न्हाय. ह्यो गाडीत जाऊन बसला तरी न्हाय... आगं ऐक ना. ऐक. तू निघालीस तर काय हुईल? मागली बाई एक पाऊल म्होरं सरकंल, बास. रांगेला कळायचंबी न्हाय कोण गेलं ते. फकस्त तुझं बघायचं ऱ्हाईल... ‘जाऊ दे आत्या’ म्हणू नको मला! जाऊ दे, जाऊ दे करत आपलं लई गेलं. बचत गटाच्या बाया अजिंठ्याला गेल्या, तवा माझ्या गुडघ्याचं आपरेशन निघालं, तू म्हणलीस जाऊ दे. मैत्रिणीची पोरगी पुण्याला दिली, तिनं बोलावलं, तवा रणधीरची बारावी हुती, जाऊ दे. आता न्हाय जाऊ द्यायचं... किती माणसं हायेत म्होरं?... मोजू नको, कशाला मोजायची? सरकायलेत ना? सरकायलेत मग झालं.”

दीपमालाचा हुंदका फोनमधून स्पष्ट आला. कडूबाईला माहीत होतं, ही बाई दुःखात रडत नाही. नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा नाही, तो गेला त्या दिवशी चार बायकांनी धरून बसवलं तेव्हाही नाही. कुणी तिची बाजू घेतली, की मात्र तिला आवरत नाही. म्हणून कडूबाई एरवी तिची बाजू घेताना जरा बेतानंच घ्यायची.

“पूस डोळं. इरकलीला पूस, काय बिघडत न्हाय... आता कोण बोलायलं मधीच?... मागली बाई? काय म्हणती?... रणधीर, काय इचारायलीय ती? माझा आवाज मोठा झाला म्हणती का?... न्हाय? मग?... म्या काय बोलायले ते इचारती! मग सांग की तिला. इंग्रजीत सांग, एवढं शिकलास ते कशापायी?... आजी म्हणती, रांग सोडायची न्हाय. एवढंच सांग... सांगितलं? नीट सांगितलं का आपल्या मनाचं घातलंस?... मग हसायली का ती? मलाबी ऐकू यायलंय हसणं... काय म्हणली?... आरं सांग की!... आजीचं बरोबर हाय म्हणली? बघ!”

कडूबाई बाजेवर सरसावून बसली. जगाच्या दुसऱ्या टोकाला एका अनोळखी बाईनं तिच्या बाजूनं कौल दिला होता, आणि तोही रणधीरच्या तोंडून यावा लागला होता. तिला हसू आलं, पण ते तिनं आवाजात येऊ दिलं नाही.

“कुठली हाय ती?... त्याच गावची? जन्म त्याच गावात गेला, आन घंटा बघायला पयल्यांदाच आली?... आगं दीपमाला, मग ती माझी बहीणच निघाली की! सांग तिला... तू सांग, मराठीत सांग, कळंल तिला... रणधीर, आता ती काय म्हणायलीय?... गाडी काढ म्हणती? गाडी कुठं लावलीस तू?... लावू नये तिथं लावलीस. मग जा की, नीट लाव. ती बाई म्हणायलीय ना, म्या हाय हिच्यापाशी म्हणून. जा. फोन ऱ्हाऊ दे आईकडं. जा!”

तो गेला. पळतच गेला असावा, कारण दीपमालानं लगेच सांगितलं. कडूबाईनं पाय वर घेतले. वानर शेंगा संपवून, सूप उपडं करून निघून गेलं होतं, ते तिनं आत्ता बघितलं.

“ते स्पीकर बंद कर आता. हां. सांग... आसं न्हाय, पयल्यापास्नं सांग. बशीत बसलीस... डायवर बाई हुती? तिला काय सांगितलंस?... घंटेचं चित्र दाखवलं! फ्रिजवरलं काढून न्हेलंस? शाबास... ती काय म्हणली?... ‘ब्युटिफुल’? लुगड्याला? ते म्हंजे सुंदर. ठाव हाय मला, रणधीरच्या लग्नात फोटोवाला सारखं म्हणायचा... मग? उतरलीस कुठं?... त्या टोपीवाल्यापाशी! जवळनं केवढा हाय?... भैरोबाच्या शिखरापरीस उंच?... दोन?... पाच शिखरं एकावर एक ठिवली तरी? मान दुखली आसंल तुझी. खाली कचेरी हाय म्हणतेस ती? एवढी कोरीव कचेरी? आपल्या कचेरीत बाकडं न्हाय नीट बसायला... बरं, मग फुडं?”

आरतीची घंटा सुरू झाली होती. रोज या वेळी कडूबाई उठून देवळाकडं तोंड करून हात जोडायची. आज तिनं बसल्या जागी एका हातानं नमस्कार केला.

“विटांची गल्ली? किती अरुंद?... तीनशे वर्सांची, आन माणसं अजून राहत्यात त्या घरांत?... दारात कुंड्या. व्हय... म्हातारी पाणी घालीत हुती. मग तू काय केलंस?... नमस्कार केलास. आन बोललीस? मराठीत? आगं, काय बोललीस पर?... ‘फुलं लई चांगली आल्यात.’ बरोबर बोललीस. दुसरं काय बोलणार माणूस? तिला कळलं?... कळलंच आसंल. तिनं काय दिलं?... पाणी. पायरीवर बसवलं. बघ, आन ह्यो म्हणतोय हरवली!... घाबरली न्हाईस ना?... थोडी घाबरलीस. थोडं घाबरावंच लागतं.”

दीपमाला बोलतच राहिली. सहा महिन्यांत ती फोनवर एवढं कधी बोलली नव्हती. बाळाचं वजन, जाईचं जेवण, रणधीरचा खोकला, यापलीकडं तिच्याकडं सांगायला काही नसायचं. आता मात्र तिची वाक्यं एकमेकांत घुसत होती, आणि कडूबाई मधूनच “हां” म्हणत, पाय हलवत, त्या विटांच्या गल्लीतून तिच्याबरोबर चालत होती.

“आन घंटा? काचेतनं दिसली म्हणतेस भाईरनं? न्हाय, न्हाय, सांगू नको. लांबनं बघितलेलं नको मला. आत जा, तिच्या म्होरं उभी ऱ्हा, मग... आपला गुरव हसला माझ्यावर. म्हणला, तडा गेलेली घंटा आपल्यात उतरवून ठेवत्यात, तिला बघायला कोण रांग लावतंय? म्या म्हणलं, तू नको जाऊ, तुला कुणी बोलावलंय?... काय? कसला आवाज यायलाय?... जाईचा फोन? रणधीरच्या ह्याच फोनवर?”

कडूबाईनं पाय हलवायचे थांबवले. रणधीरला ती बोलू शकत होती, तो रक्ताचा होता. जाई दुसऱ्याची लेक होती. घरात पाहुणे येणार, तान्हं मूल, चूल थंड. तिनं एक शब्द जरी वाकडा काढला असता, तर दीपमाला रांगेतून निघाली असती, आणि मग सोनारीहून कितीही ओरडलं तरी उपयोग नव्हता.

“उचल तिचा. म्या हाय हितंच... उचल, घाबरू नको. पर काय बी म्हणली तरी आधी मला सांग. माझ्याशी बोलल्याबिगर पाय हलवायचा न्हाय.”

फोन मुका झाला. कडूबाई तो कानाला तसाच धरून बसली. देवळातली आरती संपली, शंख वाजला, माणसं बाहेर पडल्याचा गलका झाला. जाईला काय काय सुनवायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं. दोन वाक्यं चांगली कडक जमली होती.

“हॅलो? हां, हाय की. बोल. काय म्हणली?... काय?... तिनं सांगितलं? पाव्हण्यांना तिनं स्वतः फोन केले? दुपारी चारला या म्हणून?... आन तुला काय म्हणली?... ‘आई, सावकाश या.’ ...आसंच म्हणली? ह्याच शब्दांत?”

जमवलेली दोन्ही वाक्यं वाया गेली. कडूबाईनं तांब्यातलं पाणी घोटभर घेतलं.

“न्हाय, कुठं काय, पाणी पिले... चांगली हाय पोरगी. म्या म्हणलंच हुतं, डोळं चांगलं हायेत तिचं... आता काय? आला त्यो? लावली गाडी? त्या बाईनं घेतला मधी?... तोंड फुगलेलंच हाय? ऱ्हाऊ दे फुगलेलं. रांगेत उभा हाय ना? दे त्याला... रणधीर?... व्हय, सांगितलं तिनं, चारला येणार. म्हंजे तुला पोळ्या लाटाव्या लागत न्हाईत, देव पावला तुला... बोल की... चुकलं म्हणून मला कशाला म्हणतोस? ती शेजारी उभी हाय, तिला म्हण. मोठ्यानं म्हणायचं न्हाय, हळूच म्हण, ऐकू जाईल तिला... तूबी पयल्यांदाच बघायलास? इतकी वर्सं त्या गावात राहून? मग तिघंबी पयल्यांदाच. बघा आता नीट... दे तिला.”

अंधार पडायला लागला होता. कडूबाईला घरातला दिवा लावायचा होता, म्हशींना वैरण टाकायची होती. म्हशी दावणीला फुरफुरत होत्या. तिनं त्यांच्याकडं पाठ केली.

“दीपमाला? कुठवर आलीस?... दारात! आगं बया... पिशवी तपासायलेत? तपासू दे, चोरीचं काय हाय त्यात? काय न्हेलंस पिशवीत?... भाकरी आन शेंगाची चटणी! हासला का त्यो तपासणारा?... वास घेतला? मग दिऊन टाक त्याला तुकडा... बरं, बरं, न्हाय म्हणला तर ऱ्हाऊ दे... काय? मोबाईल ट्रेमधी ठिवायचा? मग ठीव की... न्हाय, फोटो नको मला. व्हिडिओ तर नकोच नको. म्या काय फ्रिज हाय व्हय, चित्र चिकटवायला? तू परवा इमानात बसशील, घरी येशील, हितं बाजेवर बसशील, आन मग तोंडानं सांगशील. समदं. तडा कुठनं कुठवर गेलाय तेबी... हां. ठीव आता... आगं ठीव... मागं माणसं थांबल्यात ना?... व्हय, व्हय, भाकरी खाल्ली म्या. म्हशीबी बऱ्या हायेत. ठीव...”

दीपमाला फोन ठेवेना. “बरं आत्या” म्हणे आणि थांबे, पुन्हा “बरं आत्या” म्हणे. मागून कुणीतरी इंग्रजीत काहीतरी बोललं, रणधीर “आई” म्हणाला, तरी तिचा श्वास फोनमध्ये येतच होता. मग कडूबाईच्या ध्यानात आलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून ही कधी सासूच्या आधी जेवली नव्हती, कधी सासूच्या आधी आडवी झाली नव्हती, आणि घरात फोन आल्यापासून तिनं कधी सासूच्या आधी फोन ठेवला नव्हता. अमेरिकेच्या दारात उभी राहूनही ती वाट बघत होती.

“बरं, मग म्याच ठिवते,” कडूबाई म्हणाली. “जा आत.”

आणि तिनं लाल बटण दाबलं.